जंगलाच्या शेंड्यावर उभं केलेलं करिअर: नलिनी नाडकर्णींची केस स्टडी

मागच्या महिन्यात कुडाळकडच्या एका मुलीचा फोन आला. बारावी झालीय, फॉरेस्ट्रीला ॲडमिशन घ्यायचीय, आई थोडी तयार आहे पण काका म्हणतायत पोरीच्या जातीला जंगलात काय काम, गप बीफार्म कर. तिचा प्रश्न असा होता की ताई, मी ड्रोन आणि जीआयएस (म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचं तंत्र) शिकले तर ऑफिसमधे बसून काम मिळेल ना, म्हणजे मग घरचे हो म्हणतील. मला ऐकून पोटात कसंतरी झालं, कारण मी दापोलीला फॉरेस्ट्री करून बाहेर पडले तेव्हा पहिल्या नोकरीत मला हेच सांगण्यात आलं होतं, मॅडम तुम्ही नकाशे छान करता, तुम्ही कॉम्प्युटरवर बसा, फील्डला मुलं जातील. दीड वर्षं बसले मी. मुलं जीपीएसचे पॉइंट घेऊन यायची, त्यातले कितीतरी चुकलेले असायचे, कुठलं झाड, घेर किती, कोणी मोजला, कशाचाच पत्ता नाही, आणि त्यावरून मी रंगीत नकाशे काढायचे. नकाशात गडबड आहे हे कळायचं पण कुठल्या तोंडाने म्हणणार, मी स्वतः त्या झाडाखाली उभीच राहिले नव्हते.

तिला फोनवर जे धड सांगता आलं नाही ते इथे लिहितेय. उगाच दहा-बारा यशस्वी बायकांची यादी देत नाही, अशा याद्या वाचून कोणाचं काही होत नाही. एकच केस घेते आणि ती शेवटपर्यंत बघू, की नेमकी अडचण काय होती, बाईने काय केलं, कुठे जमलं, कुठे आपटलं. आपटलं हे शब्दशः, ते पुढे येईलच.

केस आहे नलिनी नाडकर्णींची. वडील मूळचे ठाण्याचे, आई न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली ज्यू, आणि नलिनीताई (मी मनात त्यांना ताईच म्हणते) वाढल्या अमेरिकेत, मेरीलँडमधल्या बेथेस्डा गावात. जन्म 1954 चा. पाच भावंडं, घरासमोर मॅपलची झाडं, शाळेतून आलं की त्यातल्या एखाद्यावर चढून बसायचं, वर कोणी हाक मारायला येत नाही. अशी लहानपणं आपल्याकडेही भरपूर आहेत, आंब्यावर, पेरूवर, जांभळीवर. फरक इतकाच की आपल्याकडे मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिला खाली बोलावतात. ब्राउन युनिव्हर्सिटीतून 1976 ला बायोलॉजीची डिग्री घेतली, तेव्हा त्यांना डान्सही तितकाच प्रिय होता, मग ठरवायचं कसं म्हणून दोन्ही करून बघितलं, पापुआ न्यू गिनीत जाऊन फील्डवर्क आणि पॅरिसला जाऊन मॉडर्न डान्स. आणि मग जंगल निवडलं. मला हे फार आवडतं, बसून विचार करत राहण्यापेक्षा दोन्हीकडे जाऊन अंग घासून बघायचं.

पुढे सिएटलला, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या फॉरेस्ट्री विभागात पीएचडीला प्रवेश घेतला. आणि खरी केस इथून सुरू होते.

परिस्थिती काय होती ते नीट समजून घ्या. 1980 च्या आसपासची फॉरेस्ट्री म्हणजे मुख्यतः जमिनीवरून केलेली फॉरेस्ट्री. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीला मोजायचा, उंची यंत्राने खालूनच काढायची, लाकूड किती निघेल ते टेबलमधे बघायचं. ज्या भागात पानं आहेत, फुलं-फळं आहेत, पक्षी-किडे आहेत, पाऊस जिथे पहिल्यांदा पडतो, तो सगळा वरचा भाग, ज्याला आपण आता कॅनॉपी म्हणतो, त्याच्याबद्दल जी माहिती असायची ती दुर्बिणीतून बघितलेली नाहीतर झाड पाडल्यावर गोळा केलेली. झाड पाडल्यावर शेंड्याचं काय होतं ते तुम्हाला माहितीय, आदळून चेंदामेंदा होतो.

म्हणजे अख्ख्या शास्त्राला अर्धं झाड दिसत नव्हतं, आणि त्याचं कारण फार साधं होतं, वर जायचं कसं हेच कोणाला माहीत नव्हतं.

तर ही मुलगी कोस्टा रिकाला एका फील्ड कोर्सला गेली आणि तिथे तिला डॉन पेरी नावाचा संशोधक भेटला जो दोरावरून उंच झाडांच्या शेंड्यात जायचा, 1978 ला त्याने त्या पद्धतीवर पेपरही लिहिलेला होता. तिने त्याच्याकडून ते शिकून घेतलं. परत आली आणि गाइड मंडळींना म्हणाली मला कॅनॉपीवर पीएचडी करायचीय. त्यांचं म्हणणं पडलं की हे सगळं टारझन-जेनचे खेळ आहेत, जमिनीवर अभ्यासायला कमी आहे का. आता ती मंडळी वाईट होती असं मला वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने झाडावर चढणं हे पोरखेळातलं काम, त्यातून सायन्स काय निघणार. आणि हे सांगायला मला त्रास होतो पण आपल्याकडेही हेच आहे, वर चढणारा माणूस म्हणजे मजूर, आणि खाली वही घेऊन उभा राहणारा म्हणजे साहेब. कोकणात माडावर चढणाऱ्या पाडेल्याला आपण किती मान देतो ते बघा की. झाडाबद्दल त्याला जे माहितीय, कुठला कोंब सडलाय, सोंड्या भुंग्याने कुठे भोक पाडलंय, ते खालून कोणालाच दिसत नाही, पण त्याला विचारतं कोण.

याच सुमारास भारतात काय चाललं होतं तेही सांगते, म्हणजे काळाचा अंदाज येईल. आपल्या भारतीय वनसेवेत बायकांचा प्रवेशच 1980 च्या बॅचपासून झाला. त्याआधी ते दार बंद. म्हणजे तिकडे एक बाई झाडावर चढू द्या म्हणून भांडत होती तेव्हा इकडे बायकांना जंगलखात्याचा युनिफॉर्म नुकता कुठे मिळत होता.

आता तंत्र काय होतं ते जरा तपशिलात सांगते, कारण हीच ती टेक्नॉलॉजी, आणि तिच्यात बॅटरीसुद्धा नाही. मोठी बेचकी किंवा धनुष्यासारखं यंत्र घ्यायचं. त्याने शिशाचं वजन बांधलेली तंगूस, हो तीच गळाला लावतात ती, उंचावरच्या एखाद्या दणकट फांदीवरून पलीकडे मारायची. पहिल्या नेमात कधी बसत नाही, दहा-पंधरा वेळा मारावी लागते. वजन पलीकडे खाली आलं की तंगुशीला जरा जाड दोरी बांधून ओढायची, मग त्या दोरीला खरा चढायचा दोर बांधून ओढायचा. दोराचं एक टोक शेजारच्या बुंध्याला पक्कं करायचं आणि दुसऱ्यावर हार्नेस, म्हणजे कंबर-मांड्यांचे पट्टे, घालून, जुमार, म्हणजे दोरावर वर सरकणारी पण खाली न घसरणारी पकड, लावून, एक हात एक पाय असं इंच इंच वर जायचं. सह्याद्रीत सुळके चढणाऱ्या पोरापोरींना हे सगळं साहित्य तोंडपाठ असतं, जुमार, कॅराबिनर, स्लिंग, सगळं गिर्यारोहणातूनच आलेलं. झाडाला खिळा नाही मारायचा, बुटाला काटे नाही लावायचे, झाडाला इजा नाही, आणि त्याच झाडावर पुढच्या आठवड्यात, पुढच्या वर्षी, वीस वर्षांनी परत जाता येतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच उभं आहे.

वर गेल्यावर काय मिळालं? वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिमेला ऑलिंपिक नॅशनल पार्कात होह नावाचं थंड प्रदेशातलं वर्षावन आहे, वर्षाला साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस. तिथे मोठ्या पानांचा मॅपल असतो, त्याच्या फांद्यांवर मॉसचे इतके जाड थर असतात की फांदी दिसतच नाही. आपल्या आंबोलीला पावसाळ्यात झाडं कशी हिरवी मखमल पांघरून बसतात, तसंच, फक्त कितीतरी पट जाड. मॉस, नेचे, लायकेन (दगडफूल असतं तसलं) हे सगळे अपिवनस्पती, म्हणजे झाडावर नुसते बसतात, झाडाचं काही शोषून घेत नाहीत. इथे एक सांगते, आपल्याकडे लोक झाडावर काहीही उगवलेलं दिसलं की बांडगूळ म्हणून मोकळे होतात आणि कोयता काढतात. बांडगूळ वेगळं, ते खरंच झाडाचा रस ओढतं. सीतेची वेणी म्हणतात ती आमरी किंवा नेचे तसले नव्हेत, ते बिचारे आपलं पावसावर आणि धुक्यावर जगतात.

नलिनीताईंनी ह्या मॉसचं वजन काढलं तर मॅपलच्या स्वतःच्या पानांच्या जवळपास चौपट भरलं. म्हणजे झाड स्वतःच्या पानांपेक्षा चौपट दुसऱ्यांचा संसार अंगावर घेऊन उभं. आणि ह्या थराखाली वर्षानुवर्षं कुजून कुजून माती झालेली, खरी माती, काळी, ओली, जमिनीपासून कित्येक मीटर उंच. त्यांनी तो थर हळूच उचलला आणि मातीत मुळं दिसली. पहिला संशय साहजिकच असा की ही नेच्यांची असतील. पण मुळाचा माग काढत काढत गेल्या तर ते मूळ फांदीतूनच निघालेलं. मॅपलचंच. झाडाने स्वतःच्या फांदीतून मुळं फोडून स्वतःच्याच अंगावरच्या मातीत रोवलेली!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत मागे जाऊन वाचलं. लाकूडतोड्यांनी शतकभर हे मॅपल बघितले, फॉरेस्टरांनी मोजले, कोणाला कळलं नाही, कारण कोणी दोर घेऊन वर जाऊन थर उचलला नव्हता. 1981 मधे त्यांचा ह्यावरचा पेपर 'सायन्स' मासिकात छापून आला. पीएचडी अजून पूर्ण व्हायची होती, ती 1983 ला झाली. पुढे 1989 ला रिचर्ड प्रायमॅक यांच्याबरोबर विलोच्या रोपांवर, विलो म्हणजे आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजीच्या कुळातलं झाड, किरणोत्सारी खूण वापरून तपासलं की वरची मुळं खरोखर क्षार ओढतात का. ओढतात, आणि ते झाडात पुढेही जातात.

इथे केसचा पहिला टप्पा संपतो आणि बहुतेक लेख इथेच संपवतात, जिद्दी मुलगी, जुनाट प्रोफेसर, शोध लागला, टाळ्या. पण मला त्या मुलीला जे सांगायचंय ते ह्याच्या पुढे आहे.

वर जायचा रस्ता सापडला की लोक यायला लागले. मार्गारेट लोमन ह्याच काळात ऑस्ट्रेलियात स्वतःची बेचकी करून, गाडीच्या सीटबेल्टच्या पट्ट्या शिवून हार्नेस बनवून चढत होत्या, पुढे त्यांनी कॅनॉपी वॉकवे, म्हणजे शेंड्यांमधून जाणारे झुलते पूल, ह्याच्यावर खूप काम केलं. 1990 ला पनामात कोणाच्यातरी डोक्यातून भन्नाट आयडिया निघाली की बिल्डिंगच्या कामाची टॉवर क्रेन आणून जंगलात उभी करायची आणि पाळण्यात बसून हव्या त्या फांदीपाशी जायचं. 1995 ला तशीच क्रेन वॉशिंग्टन राज्यात विंड रिव्हरच्या जुन्या जंगलात उभी राहिली. आता अडचण वेगळीच झाली. प्रत्येकजण वर जाऊन मोजतोय, पण एकजण फांदीचा व्यास एका पद्धतीने लिहितो, दुसरा दुसऱ्या, कोणी उंची जमिनीपासून, कोणी पहिल्या फांदीपासून, कोणाची वही हरवली, कोणाची फ्लॉपी उघडत नाही. माझी ती दीड वर्षं आठवली मला, हुबेहूब तेच दुखणं.

नलिनीताईंनी काय केलं, तर 1993-94 च्या सुमारास जगभरातल्या कॅनॉपीवाल्यांना प्रश्नावली पाठवून विचारलं की बाबांनो तुमची खरी अडचण काय. वर चढणं ही मुख्य अडचण असेल असं कोणालाही वाटेल, मलाही वाटलं असतं. पण लोकांचं म्हणणं असं आलं की मोठी अडचण डेटाची आहे, तो ठेवायचा कसा, एकाचा दुसऱ्याशी जुळवायचा कसा, दाखवायचा कसा. 1994 ला त्यांनी आंतरराष्ट्रीय कॅनॉपी नेटवर्क उभं करण्यात पुढाकार घेतला, आणि एव्हरग्रीन स्टेट कॉलेजमधल्या त्यांच्या सहकारी, कॉम्प्युटर सायन्सच्या जुडी कुशिंग, यांच्याबरोबर कॅनॉपीसाठी डेटाबेसची साधनं बनवायला घेतली. एक जंगलवाली बाई आणि एक कॉम्प्युटरवाली बाई. डेटाबँक नावाचं साधन, ज्याने संशोधकाला झाड, खोड, फांदी, फांदीवरची वनस्पती अशा तयार साच्यांतून स्वतःचा डेटाबेस उभा करता येईल, आणि कॅनॉपीव्ह्यू, ज्यात ते सगळं कॉम्प्युटरवर त्रिमितीत दिसेल.

ह्याचं महत्त्व मला कळतं कारण मी रोज तेच भोगते. झाडाची नोंद ही दिसायला साधी गोष्ट आहे, पण झाड म्हणजे एक आकडा नसतो. एका झाडाला चाळीस फांद्या, एकेका फांदीला वरची बाजू खालची बाजू, त्यावर मॉस, मॉसखाली माती, आणि हे सगळं दरवर्षी बदलणारं. एक्सेलच्या एका ओळीत ते कसं बसणार? आज लिहिलेली नोंद पंधरा वर्षांनी तिसऱ्याच माणसाने उघडली तरी त्याला ती फांदी सापडली पाहिजे, एवढी ती नोंद नीट हवी. वॉशिंग्टनच्या कॅस्केड डोंगररांगेत डग्लस फर ह्या सूचिपर्णी झाडाची 50 वर्षांपासून 950 वर्षांपर्यंतच्या वयाची जंगलं घेऊन, वयाबरोबर शेंड्याची रचना कशी बदलत जाते हे नलिनीताई आणि रॉबर्ट व्हॅन पेल्ट यांनी मांडलं. हजार वर्षं कोण जगणार आहे एकच जंगल बघायला, म्हणून वेगवेगळ्या वयाची जंगलं शेजारी ठेवायची, आणि तसं करायचं तर सगळीकडचं मोजमाप एकाच भाषेत हवं.

आणि तेच झाड परत परत गाठता येण्याचा फायदा बघा. कोस्टा रिकात मॉन्टेव्हर्डेच्या ढगातल्या जंगलात त्यांनी काही फांद्यांच्या तुकड्यांवरून मॉस आणि बाकी सगळं काढून टाकलं आणि परत कधी येतं ते बघत बसल्या. वाटलं असेल लॉनसारखं कडेकडेने भरून येईल. तसं झालं नाही. दहा वर्षं गेली तरी वरची बाजू जेमतेम, आणि जी वाढ सुरू झाली ती फांदीच्या खालच्या बाजूने. दहा वर्षं! आणि तिकडे फुलवाल्यांच्या धंद्यासाठी पोत्यांनी मॉस ओरबाडून नेतात, बुके आणि कुंड्या सजवायला. ह्यावरून त्यांनी 2004 च्या सुमारास वॉशिंग्टनच्या सीडर क्रीक तुरुंगात कैद्यांना मॉस वाढवायचे प्रयोग करायला दिले, की जंगलातून न ओरबाडता मॉस पिकवता येतो का. तिथल्या माणसांकडे वेळ आहे, निरीक्षणाची आवड आहे, आणि त्यांना काहीतरी जिवंत हाताळायचंय. त्या प्रयोगातून पुढे तुरुंगांसाठीचा एक मोठा कार्यक्रमच उभा राहिला, तो वेगळा विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

बार्बीबद्दल मात्र लिहायलाच पाहिजे. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नलिनीताईंच्या डोक्यात आलं की लहान मुली बार्बी खेळतात तर एक झाडावर चढणारी बार्बी का नको. कंपनीने रस दाखवला नाही. मग त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सेकंडहँड बाहुल्या विकत आणल्या, हेल्मेट, दोर, फील्डचे कपडे शिवून घेतले, बरोबर कॅनॉपीतल्या वनस्पतींची छोटी पुस्तिका दिली, आणि ट्रीटॉप बार्बी म्हणून झाला तेवढ्या खर्चात द्यायला लागल्या. काही सहकाऱ्यांनी नाकं मुरडली की तसली अंगकाठी असलेली बाहुली मुलींपुढे कशाला ठेवता. नलिनीताईंचं म्हणणं, मुली बार्बी खेळणारच आहेत तर मग निदान झाडावर चढणारी खेळू दे. बऱ्याच वर्षांनी, 2019 ला, त्याच कंपनीने नॅशनल जिओग्राफिकबरोबर संशोधक बार्बींची मालिका काढली तेव्हा सल्ला द्यायला नलिनीताईच होत्या. मला हे बाहुलीचं प्रकरण किरकोळ वाटत नाही. माझ्या लहानपणी मला जर कोणी दोर आणि हेल्मेट घातलेली बाहुली दिली असती तर ती पहिली नोकरी करताना मी दीड वर्षं गप्प बसले असते का, हा प्रश्न मला अजून पडतो.

आता आपटण्याबद्दल. 2015 च्या उन्हाळ्यात ऑलिंपिकच्याच जंगलात, म्हणजे जिथे हे सगळं सुरू झालं तिथेच, मॅपलवर काम करताना दोराच्या साहित्याने दगा दिला आणि त्या सुमारे 15 मीटरवरून खाली पडल्या. वय साठ. बरगड्या मोडल्या, मणके मोडले, कंबरेचं हाड मोडलं, फुफ्फुसाला मार बसला. हेलिकॉप्टरने हलवावं लागलं. वाचल्या, महिनोन्‌महिने सावरायला लागले, आणि मग परत झाडावर चढल्या.

ही गोष्ट मी त्या मुलीला फोनवर सांगितली नाही, कारण बाजूला तिची आई ऐकत असेल असं वाटलं. पण सांगायला हवी होती असं आता वाटतंय. हे काम धोक्याचं आहे. पस्तीस वर्षं चढलेल्या बाईचाही घात होऊ शकतो. म्हणून मी आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना पहिले दोन दिवस झाडाला हात लावू देत नाही, फक्त गाठी, हार्नेसची तपासणी, दोराचा प्रत्येक फूट बोटांतून फिरवून बघणं, आणि एकमेकींचं साहित्य एकमेकींनी तपासणं. मुली म्हणतात ताई बोअर होतं. होऊ दे.

पडल्यानंतर नलिनीताईंच्या कामाला एक वेगळं वळणही लागलं, इजा आणि भरून येणं ह्या विषयाकडे, म्हणजे झाडाच्या फांदीवरचं जसं सावकाश आणि अनपेक्षित बाजूने परत येतं तसं माणसांत, समाजात काय होतं, ह्यावर वेगवेगळ्या क्षेत्रातल्या लोकांशी बोलायला लागल्या. मॉन्टेव्हर्डेच्या फांदीवर जे दहा वर्षं बघितलं ते स्वतःच्या अंगावर आलं.

काही जण म्हणतील आता कशाला चढायचं, लेझर आहे, ड्रोन आहे. डिसेंबर 2018 ला नासाने जेडी नावाचं लेझर यंत्र पाठवून अंतराळ स्थानकावर बसवलं, ते वरून लेझरचे ठिपके सोडून शेंड्यापासून जमिनीपर्यंत किती दाट काय आहे ते मोजतं, जगभरातल्या जंगलांचं. मी स्वतः ड्रोनवर पोट भरते, मी ड्रोनच्या विरोधात कशी असेन. पण लेझरला मॉस उचलून खाली बघता येत नाही. आणि लेझरने दिलेला आकडा बरोबर की चूक हे ठरवायला कोणालातरी त्या झाडापाशी जावंच लागतं, टेप घेऊन.

आणि हे सगळं फक्त तिकडचं नाही. बंगलोरच्या एट्री ह्या पर्यावरण संशोधन संस्थेच्या सौबद्रा देवी यांनी तमिळनाडूत, कळक्काड-मुंडनतुराईच्या जंगलात, 1990 च्या दशकापासून दोरावरून शेंड्यात जाऊन काम केलंय, कुठल्या झाडाचं परागण कोण करतं वगैरे. आपल्याच पश्चिम घाटाचं दक्षिण टोक ते. 2009 ला पाचवी आंतरराष्ट्रीय कॅनॉपी परिषद बंगलोरलाच भरली होती. केरळात नारळ विकास मंडळाने 2011 मधे माडावर यंत्राने चढायचं शिक्षण सुरू केलं, पायात अडकवायच्या दोन चौकटी, एक उचलायची मग दुसरी उचलायची, आणि ते शिकलेल्यांत बायका भरपूर आहेत, पुढे अशी प्रशिक्षणं बाकी किनारपट्टीवरही आली. माझ्या मते ही पण जंगलाचीच टेक्नॉलॉजी. ज्या बाईला सुरक्षित वर जाता येतं आणि खाली येऊन नीट नोंद करता येते तिला काम मिळतं, झाडांची गणना, बी गोळा करणं, रस्त्याकडेच्या झाडांची तपासणी, धोकादायक फांद्या, काय काय आहे. ऑफिसमधलंही मिळतं, पण मग ऑफिसमधे तिचा शब्द चालतो, कारण ती बघून आलेली असते.

म्हणून त्या मुलीला मी नंतर मेसेज केला की ड्रोन शिक, जीआयएस शिक, पण घरच्यांना ऑफिसचं आमिष दाखवून ॲडमिशन घेऊ नकोस, चार वर्षांनी ते आमिष तुझ्याच गळ्यात अडकेल. आधी आठ दिवस इकडे ये, आईलाही घेऊन ये.

दोघी आल्या, जूनच्या शेवटी. वादळात आंबोलीच्या वाटेवर जांभळीची मोठी फांदी पडली होती, मॉस, नेचे सगळं तिच्या अंगावर तसंच ओलं. चढायचा प्रश्नच नव्हता, फांदीच खाली आलेली. मुलीने मॉसची कड उचलली, खाली बोटभर काळी माती आणि तिच्यात केसासारखी मुळं. ती ओरडलीच, ताई, मुळं! मी म्हटलं कोणाची ते सांग. मग ती तासभर त्या चिखलात गुडघ्यावर बसून, आईच्या पदराची सेफ्टीपिन घेऊन, एकेक मूळ सोडवत मागे मागे जात राहिली, आई वर छत्री धरून. शेवटी मूळ नेच्याच्या खोडाशी जाऊन थांबलं, जांभळीचं नव्हतं. ती जरा हिरमुसली. मी वही पुढे केली, तर तिने तारीख, जागा, फांदीचा घेर, वरची बाजू की खालची, मातीची जाडी, आणि मूळ कोणाचं त्या रकान्यात 'नेचा' असं लिहिलं, आणि खाली मोजणाऱ्याच्या नावापुढे स्वतःचं आणि आईचं, दोघींची नावं टाकली.